काजव्याच्या प्रकाशाचा हिशेब

पुणें जिल्ह्यांतील मावळ तालुक्यांत लोणावळ्याला लागूनच कुसगांव हें गांव आहे. जवळच वळवणचें धरण, भोंवतीं भाताचीं खाचरें, आणि पश्चिमेस बोरघाटाचा कडा. इ. स. १९१५ सालीं याच परिसरांतील तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस नेऊन सोडण्यांत आलें, आणि त्याच्या जोरावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. पाण्यापासून वीज आणि विजेपासून प्रकाश, हा पराक्रम त्या काळीं मोठ्या कौतुकाचा विषय झाला, आणि तो कौतुकास पात्रहि होता. परंतु त्याच रानांत, मनुष्याच्या कितीतरी युगें आधींपासून, एक लहानसा किडा धरण, यंत्र किंवा तार यांपैकीं कशाचीहि गरज न लागतां प्रकाश निर्माण करीत आला आहे. तो किडा म्हणजे काजवा.

वैशाख सरत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, कीं राजमाचीच्या बाजूच्या रानांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे हजारोंनीं जमतात. मृगाचा पाऊस जोरानें लागेपर्यंत त्यांचा हा मेळा चालतो. कधीं कधीं संबंध झाड एकदम उजळतें आणि एकदम मालवतें. पाहणाऱ्याला त्याचें सौंदर्य प्रथम जाणवतें. पण जरा विचार केला म्हणजे त्यांतील कोडेंहि ध्यानांत येतें. जुन्या तारेच्या विजेच्या दिव्याला हात लावला तर चटका बसे, कारण त्याला दिलेल्या विजेचा शेंकडा नव्वदांहून अधिक भाग उष्णतेंतच खर्च होई. काजवा मुठींत धरला तर हात पोळत नाहीं, आणि खुद्द काजव्यालाहि कांहीं इजा होत नाहीं. हा थंड प्रकाश येतो कोठून? या प्रश्नाचा माग काढतां काढतां शास्त्रज्ञ जेथें जाऊन पोंचले तें ठिकाण मोठें अनपेक्षित आहे. अणूच्या पोटांत चालणारे जे विलक्षण नियम पुंजवाद किंवा क्वांटम सिद्धांत या नांवानें ओळखले जातात, तेच नियम काजव्याच्या शेपटींत, भाताच्या पानांत आणि मनुष्याच्या श्वासांत प्रत्यक्ष काम करीत आहेत, असें त्यांना आढळून आलें. हें त्यांना कसें समजलें, आणि समजलेल्यापैकीं किती टिकलें, त्याचा हा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ एका कुजक्या लांकडापासून होतो. १६६७ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट बॉइल यानें अंधारांत चमकणाऱ्या लांकडाचा तुकडा कांचेच्या भांड्यांत ठेवला आणि पंपानें आंतील हवा काढून घेतली. प्रकाश मावळला. हवा पुन्हां आंत सोडतांच तो परत आला. ऑक्सिजन वायूचा शोध त्या वेळीं लागावयाचा होता. तरीहि सजीवांच्या या प्रकाशाला हवा लागते एवढें त्या प्रयोगानें निश्चित झालें. पुढें दोनशेंहून अधिक वर्षांनीं, १८८५ च्या सुमारास, राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानें एका चमकणाऱ्या भुंग्याच्या प्रकाशेंद्रियाचा अर्क दोन प्रकारांनीं काढला. एक अर्क थंड पाण्यांत काढून त्याचा प्रकाश आपोआप विझेपर्यंत तसाच ठेवला. दुसरा गरम पाण्यांत काढला. दोन्ही अर्क निरनिराळे असतां अंधार. एकत्र मिसळतांच उजेड! यावरून त्यानें ओळखलें कीं, एका अर्कांत जळणारें द्रव्य आहे, आणि दुसऱ्यांत त्याला जाळण्यास मदत करणारें, परंतु उष्णतेनें नष्ट होणारें असें विकर आहे. पहिल्याला ल्युसिफेरिन आणि दुसऱ्याला ल्युसिफेरेज अशीं नांवें मिळालीं.

तरी एक दुवा राहिलाच होता. तो १९४७ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें विल्यम मॅकेलरॉय यानें शोधून काढला. त्यानें गांवांतील मुलांना पैसे देऊन काजवे गोळा करविले, आणि त्यांच्या अर्कावर प्रयोग करून दाखवून दिलें कीं, ए.टी.पी. नांवाचें जें द्रव्य सर्व प्राणिमात्रांच्या पेशींत ऊर्जेची ने-आण करतें, तेंच काजव्याच्या दिव्यालाहि लागतें. मनुष्य पाऊल उचलतो तें ज्या द्रव्याच्या बळावर, त्याच द्रव्याच्या बळावर काजवा चमकतो.

येथपर्यंत रसायनशास्त्रानें काय जळतें तें सांगितलें. परंतु जळण्यापासून सामान्यतः उष्णता निघते. येथें उष्णतेऐवजीं प्रकाशच कां निघावा, आणि तो नेमका हिरवट पिवळाच कां असावा, याचें उत्तर रसायनशास्त्रापाशीं नव्हतें. तें पदार्थविज्ञानाकडून यावयाचें होतें.

१९०० च्या डिसेंबरांत बर्लिन येथें माक्स प्लांक यानें असें प्रतिपादन केलें कीं, तापलेले पदार्थ ऊर्जेची देवघेव अखंड धारेनें करीत नाहींत, तर ठराविक लहान लहान पुंजांनीं करतात. पांच वर्षांनीं आल्बर्ट आइन्स्टाइन यानें त्यापुढें जाऊन सांगितलें कीं, खुद्द प्रकाशहि अशाच पुंजांचा, म्हणजे प्रकाशकणांचा, बनलेला आहे असें मानलें पाहिजे. पाणी मापून देणाऱ्याला तें वाटेल तेवढें कमीजास्त करतां येतें. नाणीं मोजून देणाऱ्याला तसें करतां येत नाहीं. सर्वांत लहान नाण्याहून कमी रक्कम त्याला देतांच येत नाहीं. निसर्गाचा व्यवहार हा दुसऱ्या प्रकारचा आहे. प्रकाशाचा रंग बदलला कीं त्याच्या नाण्याची किंमत बदलते. तांबड्या प्रकाशाचें नाणें हलकें, जांभळ्याचें भारी.

अणु आणि रेणु यांच्या पोटांतील इलेक्ट्रॉनांनाहि असाच नियम लागू आहे. जिन्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला या पायरीवर किंवा त्या पायरीवर उभें राहतां येतें, दोन पायऱ्यांच्या मध्यें राहतां येत नाहीं. काजव्याच्या शेपटींत ल्युसिफेरिनाचा ऑक्सिजनशीं संयोग झाला म्हणजे जो नवा रेणु बनतो, त्यांतील इलेक्ट्रॉन एक पायरी वर चढलेला असतो. तो खालीं उतरतो तेव्हां दोन पायऱ्यांतील ऊर्जेचा फरक एका प्रकाशकणाच्या रूपानें बाहेर पडतो. ही पायरी जेवढी उंच, तेवढा प्रकाशाचा रंग ठरलेला. काजव्याच्या प्रकाशाची लहरलांबी सुमारें ५६० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण अठराशेव्या भागाइतकी असते. हिरव्या आणि पिवळ्या रंगांच्या सीमेवरचा तो रंग आहे. एका रेणूपासून फार तर एकच प्रकाशकण निघूं शकतो, अर्धा नव्हे कीं दीड नव्हे. यामुळेंच या प्रकाशाचा हिशेब मांडणें शक्य झालें. किती रेणु खर्च झाले आणि किती प्रकाशकण हातीं आले, हें आतां मोजतां येण्याजोगें होतें.

त्या सुमारास युरोपांत एक मोठा वाद चालूं होता. जड वस्तूंचे नियम सजीवांना पुरेसे आहेत, कीं सजीवांत कांहीं वेगळी प्राणशक्ति वसत असते? १९३२ सालीं कोपनहेगन येथें नील्स बोर यानें ‘प्रकाश आणि जीवन’ या विषयावर व्याख्यान दिलें. पुंजवादांत ज्याप्रमाणें कांहीं गोष्टी मूलभूत म्हणून स्वीकाराव्या लागतात, त्याप्रमाणें जीवन हेंहि एक मूलभूत सत्य म्हणूनच स्वीकारावें लागेल काय, असा प्रश्न त्यानें उपस्थित केला. श्रोत्यांत माक्स डेल्ब्रुक नांवाचा एक तरुण पदार्थवैज्ञानिक होता. त्या व्याख्यानानें तो जीवशास्त्राकडे वळला, आणि १९३५ सालीं त्यानें दोन सहकाऱ्यांसह आनुवंशिक गुणांचा वाहक, म्हणजे जनुक, हा एक रेणु असला पाहिजे असें क्षकिरणांच्या परिणामांवरून अनुमान बांधलें.

या अनुमानाला व्यापक प्रसिद्धि मिळाली ती एर्विन श्रोडिंगर याच्यामुळें. नात्झी राजवटीमुळें मायदेश सोडून तो आयर्लंडांत येऊन राहिला होता. १९४३ च्या फेब्रुवारींत, बाहेर महायुद्ध पेटलेलें असतां, त्यानें डब्लिन येथें ‘जीवन म्हणजे काय’ या विषयावर सार्वजनिक व्याख्यानें दिलीं. त्याचा प्रश्न साधा होता. हॅब्सबर्ग राजघराण्यांत खालचा ओठ पुढें आलेला असे, आणि ही ठेवण शतकानुशतकें पिढ्यान् पिढ्या उतरत आली. शरीराच्या उष्णतेनें सर्व रेणु अहर्निश हिंदकळत असतां, मूठभर अणूंत लिहून ठेवलेला हा मजकूर पुसला कां गेला नाहीं? त्यानें उत्तर दिलें कीं, रेणूची घडण हळूहळू झिजत नाहीं. ती बदलली तर एकदम एका पायरीवरून दुसरीवर जाते, आणि मधली चढण एवढी उंच असते कीं असा बदल क्वचितच घडतो. म्हणजे नातवाला आजोबाचा ओठ मिळतो, त्याच्या मुळाशींहि पुंजवादाचा नियम आहे. १९४४ सालीं हीं व्याख्यानें पुस्तकरूपानें निघालीं. पुढें १९५३ सालीं डी.एन.ए. रेणूची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक या दोघांनींहि त्या पुस्तकाचें ऋण मान्य केलें आहे.

इकडे तत्त्वचर्चा चालली असतां दुसरीकडे मोजण्याचें काम चालूं होतें, आणि या इतिहासांत निर्णायक ठरलें तें तेंच. १९४२ सालीं न्यूयॉर्क येथें हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनीं मनुष्याच्या डोळ्याची परीक्षा घेतली. अंधाराला डोळे पुरते सरावल्यावर अत्यंत मंद प्रकाशाचा क्षणिक झोत दाखवून तो दिसला किंवा नाहीं हें विचारण्यांत येई. झोत जेमतेम दिसण्यास डोळ्यापर्यंत ५४ ते १४८ प्रकाशकण पोंचावे लागत. पैकीं कांहीं परावृत्त होत, कांहीं वाटेंत शोषले जात, कांहीं पेशींतून निसटून जात, आणि खरोखर कामीं येणारे कण ५ ते १४ एवढेच असत. हे मोजके कण शेंकडों पेशींवर विखुरलेले असल्यामुळें एकेका पेशीला एकेकच कण मिळत असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. निसर्गांत प्रकाशाचें जें सर्वांत लहान नाणें आहे, तें ओळखण्याइतका डोळा तीक्ष्ण आहे. राजमाचीच्या रानांत काजव्याच्या शेपटींतून एक कण सुटतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील एका पेशींत शोषला जातो, तेव्हां देणारा आणि घेणारा दोघेहि त्याच नियमानें बांधलेले असतात.

आतां काजव्याच्या हिशेबाकडे वळावयास हरकत नाहीं. १९६० सालीं सेलिगर आणि मॅकेलरॉय यांनीं तो मांडला, आणि शंभर रेणूंमागें सुमारें ८८ प्रकाशकण निघतात असें जाहीर केलें. जगांत एवढा काटकसरी दिवा दुसरा नाहीं, असा काजव्याचा लौकिक झाला. पाठ्यपुस्तकांत, लेखांत, व्याख्यानांत हा आंकडा जवळजवळ पन्नास वर्षें उद्धृत होत राहिला. २००८ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं अधिक काटेकोर साधनांनीं तीच मोजणी पुन्हां केली, तेव्हां आंकडा ४१ च्या आसपास भरला. काजवा होता तेवढाच तेजस्वी राहिला. चोपडींतील नोंद मात्र दुरुस्त झाली. शंभरांत ४१ ही देखील सजीवांच्या प्रकाशांत मोठी कामगिरी आहे. परंतु मोठ्या आंकड्याचा मोह सोडून खरा आंकडा पत्करणें, यांत शास्त्राची खरी प्रतिष्ठा आहे.

पुंजवादाचा दुसरा चमत्कार समजण्यास बोरघाटाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. घाट चढून जाण्यास बळ लागतें. तें वांचवण्यासाठीं मनुष्य बोगदे खणतो. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, तेव्हां त्या वाटेवर पंचवीस बोगदे खणावे लागले आणि त्यासाठीं असंख्य मजुरांनीं प्राण वेंचले. अलीकडे द्रुतगती मार्गाचा घाटांतील भाग टाळण्यासाठीं खोपोलीपासून कुसगांवपर्यंत जो नवा रस्ता आखण्यांत आला, त्यांत तर एकच बोगदा सुमारें नऊ किलोमीटरांचा आहे. सूक्ष्म कणांच्या जगांत मात्र न खणलेल्या डोंगरांतूनहि वाट असते. इलेक्ट्रॉनाजवळ चढण चढून जाण्याइतकी ऊर्जा नसली, तरी तो केव्हां केव्हां पलीकडच्या उतारावर आढळतो. कारण तो केवळ गोळीसारखा कण नाहीं. त्याच्या ठायीं लहरीचाहि धर्म आहे, आणि ती लहर डोंगराच्या पोटांत विरत विरत कां होईना, पण पलीकडे पोंचते. डोंगर जितका रुंद आणि कण जितका जड, तितका हा प्रवास अवघड होतो. म्हणूनच दगडधोंडे आणि माणसें यांना ही सवलत मिळत नाहीं. १९२८ सालीं गॅमो यानें किरणोत्सर्गाचें कोडें याच कल्पनेनें सोडविलें.

सजीवांतहि असें घडतें काय? १९६६ सालीं अमेरिकेंत डीव्हॉल्ट आणि चान्स यांनीं प्रकाशावर जगणाऱ्या एका सूक्ष्म जंतूमध्यें इलेक्ट्रॉनाच्या हालचालीची गति मोजली. कोणतीहि साधी रासायनिक क्रिया थंडी वाढवीत नेली म्हणजे मंद मंद होत जवळजवळ थांबते, कारण चढण चढण्यास लागणारें उष्णतेचें बळ कमी पडतें. येथेंहि गति प्रथम मंदावली. परंतु शून्याखालीं सुमारें १७० अंशांपलीकडे थंडी गेल्यावर ती आणखी मंदावेना. चढण चढण्याचें बळ संपलें असतांहि इलेक्ट्रॉन पलीकडे जातच होते. अर्थात् ते बोगद्याच्या वाटेनें जात होते. आज शास्त्रज्ञ मानतात कीं, मनुष्य श्वासाबरोबर जो ऑक्सिजन घेतो, त्याच्यापर्यंत अन्नांतील इलेक्ट्रॉन पोंचतात ते पेशींतील एका वाहकापासून दुसऱ्याकडे याच रीतीनें टप्प्याटप्प्यानें जाऊन.

इलेक्ट्रॉन हा फारच हलका कण. त्याहून सुमारें अठराशेंपट जड असलेल्या हायड्रोजनच्या केंद्रकालाहि ही वाट सांपडते काय? १९८९ सालीं कॅलिफोर्नियांत ज्युडिथ क्लिनमन या विदुषीनें आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं याची युक्तीनें परीक्षा घेतली. त्यांनीं किण्वांतील, म्हणजे यीस्टमधील, एक विकर घेतलें. याच जातीचें विकर मनुष्याच्या यकृतांतहि असतें. ज्या हायड्रोजनची अदलाबदल हें विकर करतें, त्याच्या जागीं त्यांनीं त्याच गुणांचे, पण दुप्पट आणि तिप्पट वजनाचे हायड्रोजन योजले. नुसती चढण चढावयाची असती, तर वजनाप्रमाणें गतींत अमुक एक फरक पडावा असा हिशेब आहे. प्रत्यक्षांत पडलेला फरक त्या हिशेबांत बसेना. तो बोगद्याच्या हिशेबांत बसला. तोहि गोठविलेल्या अवस्थेंत नव्हे, तर साध्या हवामानांत. तेव्हांपासून विकरांच्या कामांत पुंजवादाचा हात आहे, हें निर्विवाद झालें.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. पुढील दोन प्रकरणें सावधगिरी शिकविणारीं आहेत. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तयार झालेलें इंद्रायणी भात या खोऱ्यांत सर्वत्र लावलें जातें. त्याच्या पानांत पडलेला प्रकाशकण हरितद्रव्याचे रेणु झेलतात, आणि त्याची ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे देत देत जेथें रासायनिक काम सुरू होतें त्या केंद्रापर्यंत नेतात. ही ने-आण इतक्या कमी नासाडीनें कशी होते, हें जुनेंच कोडें. २००७ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनीं प्रकाशावर जगणाऱ्या हिरव्या गंधक-जंतूंच्या एका प्रथिनावर अतिसूक्ष्म कालावधीचे प्रकाशझोत सोडले, तेव्हां ऊर्जेच्या प्रवासांत कांहीं आंदोलनें दिसून आलीं. ऊर्जा लहरीच्या रूपानें सर्व वाटा एकाच वेळीं चांचपून पाहते आणि सर्वांत सोयीची वाट धरते, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. वनस्पतींना पुंजवादाची गुरुकिल्ली सांपडली आहे, अशी वार्ता जगभर पसरली. पुढें अनेक प्रयोगशाळांनीं तेच काम पुन्हां पुन्हां तपासलें. २०२० सालीं या विषयांतील अनेक तज्ज्ञांनीं मिळून जो आढावा प्रसिद्ध केला, त्यांत तीं आंदोलनें मुख्यतः रेणूंच्या साध्या कंपनांचीं होतीं असें ठरलें. प्रकाशकण शोषून घेण्याची क्रिया पुंजवादाच्याच नियमानें घडते, आणि ती ऊर्जा अनेक रेणूंवर मिळून पसरलेली असूं शकते, हें खरेंच राहिलें. सर्व वाटा चांचपण्याची सुंदर गोष्ट मात्र मागें घ्यावी लागली. घेणाऱ्यांत मूळ प्रयोगकर्त्यांच्या परंपरेंतील लोकहि होते, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

दुसरें प्रकरण पक्ष्यांचें. हिंवाळा आला कीं मावळच्या ओढ्यांकांठीं शेपटी हलवीत फिरणारे धोबी पक्षी उत्तरेकडून हजारों कोस ओलांडून येतात. अशा दूरच्या प्रवासांत कांहीं पक्षी पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखतात, हें जर्मनींत रॉबिन नांवाच्या पक्ष्यावर १९६० नंतरच्या दशकांत झालेल्या प्रयोगांनीं सिद्ध झालें. परंतु हें चुंबकत्व इतकें क्षीण कीं, त्यानें सामान्य रासायनिक क्रियेवर परिणाम होणें शक्य वाटत नाहीं. १९७८ सालीं क्लाउस शुल्टेन यानें सुचविलें कीं, प्रकाशामुळें एकमेकांपासून दुरावलेल्या इलेक्ट्रॉनांची जोडी एवढ्या क्षीण चुंबकत्वालाहि दाद देऊं शकेल. २००० सालीं त्यानेंच सहकाऱ्यांसह असें सुचविलें कीं, डोळ्यांतील क्रिप्टोक्रोम नांवाच्या प्रथिनांत अशी जोडी तयार होत असावी. २०२१ सालीं रॉबिनचें असें एक प्रथिन प्रयोगशाळेंत तयार करून तपासलें असतां तें चुंबकत्वाला खरोखरच दाद देतें असें दिसलें. तथापि नळींतील प्रथिन वेगळें आणि आकाशांत उडणारा पक्षी वेगळा. जिवंत पक्षी याच साधनानें दिशा ओळखतो, हें सिद्ध होणें अद्याप बाकी आहे.

महाराष्ट्रापुरतें पाहतां, पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र यांना एका छपराखालीं आणण्याचें श्रेय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे जातें. पुंजवादाचे गाढे अभ्यासक होमी भाभा यांनीं १९४५ सालीं ती स्थापन केली, आणि १९६२ सालीं तेथें ओबैद सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखालीं रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. सिद्दिकी यांची शिफारस भाभांकडे लिओ झिलार्ड यानें केली होती. परमाणुशक्तीच्या इतिहासांतील एक प्रमुख पुरुष, पण महायुद्धानंतर जीवशास्त्राकडे वळलेला. कोपनहेगन आणि डब्लिन येथें उठलेली लाट अशा रीतीनें मुंबईच्या किनाऱ्यालाहि लागली.

परंतु कुसगांवच्या परिसराला याहून जवळचा एक आदर्श आहे. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें. त्यांच्या कार्याचा पुंजवादाशीं संबंध नव्हता. परंतु योगाविषयीं जें जें सांगितलें जातें तें तें मोजून पाहावें, हा त्यांचा बाणा होता. नौली करणाऱ्याच्या आंतड्यांत पाणी आपोआप ओढलें जातें तें कसें, या प्रश्नाला त्यांनीं सिद्धीचें उत्तर दिलें नाहीं. दाबमापक नळी लावून आंतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो हें दाखविलें, आणि त्या निर्वातास आपल्या गुरूंचें, माधवदासजींचें, नांव दिलें. श्रद्धा आणि मोजमाप यांत विरोध मानण्याचें कारण नाहीं, हें त्यांनीं कृतीनें सिद्ध केलें.

या आदर्शाची आज विशेष गरज आहे. क्वांटम या शब्दाला बाजारांत मोठा भाव आला आहे. क्वांटम कडीं, क्वांटम पाणी, क्वांटम उपचार असल्या नांवांखालीं नाना वस्तु विकल्या जातात, आणि पेशींत पुंजवाद चालतो हें खरें असल्यामुळें सुशिक्षित गृहस्थहि बुचकळ्यांत पडतो. घरांत दुखणें असलें म्हणजे तर विचारशक्ति आधींच दुबळी झालेली असते; अशा वेळीं या शब्दाच्या मोहानें योग्य उपचार लांबणीवर पडले, तर पैशांपुरतेंच नुकसान होऊन थांबत नाहीं. त्याला एकच कसोटी लावावी. काय मोजलें, कोणीं मोजलें, आणि दुसऱ्यांनीं पुन्हां मोजलें तेव्हां काय आढळलें? काजव्याच्या ८८ ला ही कसोटी लागली आणि तो ४१ वर आला. पानांतील आंदोलनांना लागली आणि तीं साधीं कंपनें ठरलीं. विकरांतील बोगद्याला लागली आणि तो टिकला. जी वस्तु या परीक्षेस बसावयासच तयार नाहीं, तिच्या नांवामागें क्वांटम लावल्यानें तिची योग्यता वाढत नाहीं.

एक गोष्ट मात्र मोजण्याच्या आंतच हातची जाण्याचा संभव आहे. काजव्याचा प्रकाश ही त्याची विवाहाची भाषा आहे. नर चमकून साद घालतो आणि मादी त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याचें आयुष्य फार थोडें, कांहीं आठवड्यांचेंच. त्याआधींचा दीर्घ काळ तो अळीच्या रूपांत ओल्या मातींत गोगलगायींसारख्या जीवांवर काढतो. घाटमाथ्यावर वसाहती, रस्ते आणि त्यांचे दिवे वाढत चालले आहेत, आणि प्रखर उजेडांत काजव्यांची साद एकमेकांना दिसत नाहीं, असें देशोदेशींच्या अभ्यासकांना आढळलें आहे. झाडांखालीं गर्दी करून तुडवलेल्या मातींत मादी आणि अळ्या चिरडल्या जातात तें वेगळेंच. रोहिणी आणि मृग यांच्या दरम्यानच्या पंधरा-वीस रात्रीं रानालगतचे अनावश्यक दिवे मालवणें आणि झाडांपासून दूर उभें राहून पाहणें, एवढ्यानेंहि पुष्कळ साधेल.

कुसगांवीं आज अभियांत्रिकीचें शिक्षण देणारीं महाविद्यालयें उभीं आहेत. तेथील एखाद्या विद्यार्थ्यानें दरसाल त्याच झाडावरचे काजवे त्याच तिथीला मोजून त्यांची नोंद ठेवली, तर त्याला धनाची किंवा मोठ्या यंत्राची गरज पडणार नाहीं. बॉइलपाशीं एक कांचेचें भांडें होतें, द्युब्वापाशीं गरम आणि थंड पाणी होतें, मॅकेलरॉयपाशीं गल्लींतील मुलें होतीं. खरी गरज आहे ती मोजण्याच्या चिकाटीची, आणि आलेला आंकडा आपल्या अपेक्षेहून लहान निघाला तरी तोच लिहून ठेवण्याची.